हिरवी की पिवळी?

नवजात बाळांच्या वॉर्डात माझी बावीस वर्षं गेली. नव्या नर्सेसना मी पहिल्याच दिवशी एक गोष्ट घोकायला लावते. उलटी पांढरी असेल तर दूध, पिवळी असेल तर लक्ष ठेवा, हिरवी असेल तर धावत सुटा. हिरवी म्हणजे पित्त, म्हणजे आतड्याची वाट पुढे कुठेतरी बंद झालीय. आणि आईबापांनी सांगितलेल्या रंगावर विसंबायचं नाही, कपडा आपल्या डोळ्यांनी बघायचा. एका नव्या नर्सनं कपडा न बघता वहीत ‘पिवळी’ लिहिलं, तेव्हा मी तिला सगळ्या वॉर्डासमोर झाडलं होतं. ती रडली. मला काडीचंही वाईट वाटलं नव्हतं.

माझ्या धाकट्या भावाला रंग कळत नाहीत. हिरवा, पिवळा, तपकिरी, त्याच्या लेखी सगळे एकाच माळेचे मणी. तो आठ वर्षांचा होता तेव्हा शाळेच्या चित्रात त्यानं झाडाला तपकिरी पानं काढली आणि आम्हाला कळलं. मी त्याला काय कमी छळलं? त्याच्या शर्टावर पँट मी निवडून द्यायची आणि वर टोमणेही मारायची. त्याचं लग्न ठरलं तेव्हा होणाऱ्या भावजयीला मी सांगितलं, “याला टोमॅटो आणायला पाठवू नकोस गं, कच्चे-पिकले याला सारखेच.” ती पोट धरून हसली होती.

त्यांना मुलगी झाली. वजन चांगलं, रडणं खणखणीत. चौथ्या दिवशी घरी सोडलं. सिझेरियन झालेलं, त्यामुळे भावजय अंथरुणावर आणि बाळाचं सगळं भावाच्या अंगावर. सहाव्या दिवशी सकाळी दहाला त्याचा फोन आला. मी कामात होते, फोन खांद्यावर धरून एका बाळाचं वजन करत होते.

“ताई, छकुलीनं दोनदा उलटी केली.”

“रंग कसला?”

“पिवळट आहे.”

“पिवळी ना? मग घाबरू नकोस. खांद्यावर घे, ढेकर काढ. साप साप म्हणून भुई धोपटू नकोस.”

“हिला उठवू का? आत्ताच डोळा लागलाय.”

“मुळीच नको. ओली बाळंतीण ती, दोन रात्री झोपली नाहीये बिचारी.”

बरं म्हणून त्यानं फोन ठेवला. मी वजन लिहिलं आणि पुढच्या बाळाकडे वळले.

मला आठवलंच नाही. सख्खी बहीण, त्यात नर्स, आणि आठवलं नाही? मी स्वतःला शंभरदा विचारलंय. वॉर्डात दिवसाला असे दहा फोन येतात, आणि त्या क्षणी तोही मला त्या दहातला एक घाबरट बाप वाटला असावा. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हाच. पण म्हणीनं माझं काही हलकं होत नाही.

दुपारी त्याचा मेसेज आला, ‘अजून दोनदा झाली, पण पिवळीच.’ मी लिहिलं, ‘संध्याकाळी येते.’

पाचला पोचले. हात धुवायला गेले तर बादलीच्या काठावर बाळाचा कपडा टाकलेला होता. त्यावरचा डाग गडद हिरवा होता, शेवाळासारखा. बाळाचं पोट ताणून चकचकीत झालं होतं आणि ती रडत नव्हती, कण्हत होती. मी तिला तशीच उचलली, तो कपडाही घेतला. भाऊ एका पायात चप्पल घालून मागे धावत होता. “ताई, काय झालं? अगं सांग ना!” मी रिक्षा थांबवून आमच्या हॉस्पिटलचं नाव सांगितलं.

ऑपरेशन करणाऱ्या डॉक्टरीणबाई माझ्या ओळखीच्या. पोटाचा फोटो बघताच त्यांचा चेहरा उतरला. त्यांनी भावाला समजावलं, “काही बाळांचं आतडं जन्मतःच जागेवर नीट बसलेलं नसतं. वरून काही कळत नाही. मग एक दिवस त्याला पीळ पडतो आणि रक्त पोचायचं थांबतं. उलट्या कधीपासून होतायत? रंग?”

“सकाळी दहापासून,” तो म्हणाला. “पिवळ्या.”

बाईंनी माझ्या हातातल्या कपड्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे. त्यापेक्षा चारचौघांत मला झाडलं असतं तर बरं झालं असतं.

त्यांनी पोट उघडलं आणि तसंच शिवून टाकलं. आतडं सगळं काळं पडलं होतं. “सकाळीच आणली असती तर...” एवढं बोलून त्या थांबल्या.

दुसऱ्या दिवशी दुपारी तिच्या नळ्या काढल्या आणि तिला आईच्या मांडीवर दिलं. तासाभरात ती गेली. फाईलवर नावाच्या जागी फक्त आईचं नाव आणि पुढे ‘यांचं बाळ’ एवढंच होतं.

खोलीत आम्ही तिघंच उरलो. भाऊ भिंतीला टेकून म्हणाला, “माझ्या डोळ्यांनी घात केला. मीच रंग चुकीचा सांगितला. ताईचा काय दोष? मी सांगितलं त्यावर तिनं विश्वास ठेवला.”

तो मला वाचवत होता. खोटं कशाला बोलू, क्षणभर मला त्याच्या आड लपावंसं वाटलं. भावजयीनं ते मानलंही असतं.

“गप्प बस,” मी म्हणाले. मग तिच्याकडे वळले. “याला रंग कळत नाहीत हे मला पंचवीस वर्षं माहीत आहे. तरी मी यालाच रंग विचारला आणि ऐकून घेतला. चूक याची नाही. माझी आहे.”

तिनं मला शिव्या घालाव्यात, हाताला लागेल ते फेकून मारावं, असं मला फार वाटत होतं. तिनं तसलं काही केलं नाही. मांडीवरचं दुपटं ती नुसती सारखं करत राहिली. मग तिनं आमच्या दोघांकडे पाहिलं.

“मी शेजारच्याच खोलीत होते,” ती म्हणाली. “मला दिसतो हिरवा. मला उठवायचं होतं.”