मुरमाखालची जोडी

"साईनाथ, मागं घे रं गाडी," येसूबाई डंपरवाल्याला म्हणाली.

डंपरनं मुरमाची पहिली खेप तळीत ओतली होती. धूळ अजून बसली नव्हती आणि येसूबाई काखेत हंडा घेऊन चाकाला टेकून उभी होती.

"मावशी, बाजूला व्हा. आरशात तुमी दिसत नाय, नुसता पदर दिसतो."

तिचा मुलगा रत्नदीप धावत आला. गोदामासाठी ही जागा त्यानंच भरायला काढली होती. "आये, काय चाललंय? तूच म्हणालीस ना, तळीत काय नाय उरलं?"

म्हणाली होती. तसंच म्हणायचं असतं. चैत्रात तळी आटली की सगळी वाडी मासे धरी. शेवटची मरळीची जोडी मात्र एका बाईनं गुपचूप चिखलात ठेवायची, पुढच्या सालाचं बी म्हणून. वर भेगाळली माती, खाली स्वतःच्या बुळबुळीत थरात लपेटलेली मरळ, बारीक भोकातून श्वास घेत पावसाची वाट बघणारी. जागा कुणाला सांगायची नाही. सासूनं तिला हाताला धरून दाखवली होती, तीही न बोलता.

आता गप्प राहावं तर जोडी गाडली जाणार.

"हाय," ती म्हणाली. "एक जांभळाच्या मुळाशी. आणि एक..." तिनं मुरमाच्या ढिगाकडं पाहिलं.

साईनाथनं इंजिन बंद केलं. "मी च्या घेऊन येतो. मागची गाडी चौकातनं निघाली असंल. ती यायच्या आत उरका."

रत्नदीपनं बूट काढले, जांभळाच्या मुळाशी गुडघ्यांवर बसला, माती उकरू लागला.

"आधी नाय का सांगायचं गं?"

"सांगायचं नसतं, म्हणून."

रस्त्यावर हॉर्न वाजला. तेवढ्यात चिखल हलला. काळी, हातभर मरळ. तिनं तोंड उघडून हवेचा घोट घेतला. येसूबाईनं तिला चिखलासकट हंड्यात घेतलं. रत्नदीप ढिगाकडं वळला. मुरूम उपसावा तेवढा वरून घसरत होता. दुसरा डंपर मागं येऊन थांबला.

"राहू दे," ती म्हणाली.

"माझ्या गाडीवर बस, म्हणशील त्या तळीवर नेतो."

"तू नको येऊ. नवी जागा दुसऱ्यानं बघायची नसते."

बांधाबांधानं ती एकटीच गेली.

दिवेलागणीला परतली, तेव्हा तळीच्या जागी तांबडं सपाट रान होतं. रत्नदीप ओट्यावर बसून होता, नखांत काळा चिखल तसाच.

"आये, ठेवलीस?"

तिनं हंडा उपडा घातला. तांब्या भरून घेतला.

"काय नाय उरलं," ती म्हणाली, आणि त्याच्या हातांवर पाणी ओतू लागली.