झाकणाचा तांब्या

"आज परत चादर?" शिकवणीवाल्या बाईंनी गच्चीच्या दारातूनच विचारलं.

वहिनी ओली चादर दोरीवर पसरत होती. चष्म्याच्या दुकानात कामाला, म्हणून सगळ्या इमारतीची ती चष्मेवाली वहिनी. आणि शिकवणीवाल्या बाई खालच्या मजल्यावरच्या. मुलांची गणितं सोडवता सोडवता शेजारपाजारची गणितंही आपणच सोडवून टाकावीत, अशी त्यांना खोड होती. मनाने मात्र वाईट नव्हत्या.

"या वयात नाही हो आवरत माणसाला," बाई आवाज खाली आणून म्हणाल्या. "तुम्ही तरी रोज किती धुणार? मोठ्यांचे डायपर मिळतात हल्ली. आजींना म्हणावं, लाजू नका."

वहिनीला कळायला जरा वेळच लागला. बाईंना वाटत होतं, चादर सासूबाईंची. म्हातारी अंथरूण ओलं करते आणि सून बिचारी निमूट धुते. चादर वहिनीची होती. गेले कित्येक महिने रात्री अंगातून भडका उठायचा, मानेपासून कमरेपर्यंत घामाची आंघोळ व्हायची, आणि मग तीच ओल गार पडली की कुडकुडत बसायचं. हे सांगायला एक वाक्य पुरलं असतं. पण ते सुरू कुठून करायचं? पाळीपासून? वहिनी म्हणाली, "हं."

एवढाच तो 'हं'. बाईंचा जीव भांड्यात पडला. चादरीला चिमटे त्यांनी स्वतः लावून दिले.

दुकानातही तेच. एका आजोबांच्या कानामागे काडी नीट बसवत असताना वहिनीच्या कपाळावरून थेंब सुटला आणि नुकत्याच पुसलेल्या काचेवर पडला.

"ताई, छप्पर गळतंय का?" आजोबांनी विचारलं.

सगळे हसले. वहिनीही हसली, आणि काचा घासायच्या मशीनपाशी जाऊन रडली. का, ते तिलाही सांगता आलं नसतं. परवा तिला 'स्क्रू' हा शब्द आठवला नव्हता. दिवसभर ज्याच्याशी हाताची गाठ, तोच शब्द तोंडात येईना. त्यात ती छातीतली धडधड. नवरा छातीच्याच दुखण्याने गेलेला, त्यामुळे आता आपलाही नंबर लागला, असं तिने मनाशी धरून ठेवलं होतं. तपासण्यांचे कागद घेऊन दुपारी ती डॉक्टरीणबाईंकडे गेली ती याच भीतीने.

"हृदय ठणठणीत आहे, थायरॉईडही ठीक आहे," कागद बघून डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "पाळी वेळेवर येते?"

"तिच्या मनात येईल तेव्हा येते. कधी दोन-दोन महिने नाही, कधी लगेच."

"आणि झोप?"

"ते माझ्या चादरीला विचारा."

डॉक्टरीणबाई हसल्या. "पाळी बंद व्हायच्या आधी काही वर्षं असं चालतं. घाम, धडधड, चिडचिड, विसरणं, उगाच रडू येणं. ही सगळी एकाच घरची मंडळी आहेत."

"म्हणजे वेड नाही ना लागत मला?"

"मुळीच नाही. झोपताना सुती, सैल घाला. खिडकी उघडी ठेवा, उशाशी गार पाणी ठेवा. संध्याकाळनंतर चहा नको. रोज चाला. एवढ्याने भागलं नाही तर औषधं आहेत, सहन करत बसू नका. रक्तस्राव फार व्हायला लागला तर लगेच या. आणि घरात कोणाशी तरी बोला."

घरात कोण होतं? सासूबाई. मुलगा गेल्यापासून दोघी एका छपराखाली राहत होत्या, आणि अरुंद जिन्यात समोरासमोर आलेली माणसं जशी अंग चोरून जातात, तशा वावरत होत्या. दूध आलं का, किल्ली घेतली का, एवढंच बोलणं. रागावलेलं कोणीच नव्हतं. फक्त ज्याच्यामुळे बोलणं व्हायचं तो माणूस उरला नव्हता.

संध्याकाळी वहिनी जिना चढून आली तर दार उघडं. आत सासूबाईंच्या दोन पत्ते खेळणाऱ्या मैत्रिणी, आणि शिकवणीवाल्या बाई. टेबलावर पत्त्यांच्या शेजारी डायपरचं भलंमोठं पाकीट.

"त्यात काय लाजायचं, आजी," बाई म्हणत होत्या. "वहिनी तरी किती दिवस लपवणार?"

सासूबाई म्हणजे नाकावर माशी बसू न देणारी बाई. अजून स्वतःचे कपडे स्वतःच धुवायच्या. त्यांच्या पलंगावरच्या चादरीला आठवड्यानंतरही घडीच्या रेघा दिसायच्या. मैत्रिणी हातातल्या पानांकडे बघत बसल्या होत्या. सासूबाईंनी दारातल्या सुनेकडे पाहिलं.

"अहो आई, ते..." वहिनी म्हणाली.

"ठेवा तिथे," सासूबाई बाईंना म्हणाल्या. "वय झालं माझं. लागायचंच." आणि त्यांनी पान टाकलं.

सगळ्या गेल्यावर वहिनीने खांद्यावरची पर्सही न काढता, उभ्या उभ्या सगळं सांगून टाकलं. गच्चीवरचा 'हं' सुद्धा. "माझी लाज वाचवायला मी तुमची घालवली, आई."

"चादर तुझी आहे ते मला माहीत होतं," सासूबाई म्हणाल्या. "मधे एकच भिंत तर आहे. तुझा पंखा वाढतो, खिडकी उघडते, सगळं ऐकू येतं."

"मग कधी विचारलं का नाहीत?"

सासूबाई पत्ते गोळा करत राहिल्या. "मला कोणी विचारलं होतं? माझ्या वेळी मी सांगायचे, तांब्या लवंडला. रोज रात्री लवंडायचा. तुझे सासरे साधे. एक दिवस बाजारातून झाकणाचा तांब्या घेऊन आले, घट्ट फिरकीचा. म्हणाले, आता नाही सांडणार."

"मग?"

"मग काय. झाकण लावलेल्या तांब्याने अंथरूण कसं भिजवायचं? पुढे मी ओल्यातच झोपायचे."

वहिनीला रडू आवरेना. सासूबाई उठल्या नाहीत, जवळ आल्या नाहीत. पण झोपायला गेल्यावर वहिनीला उशाशी तो तांब्या भरून ठेवलेला दिसला. झाकण काढून.

सकाळी बादली घेऊन ती गच्चीवर गेली. शिकवणीवाल्या बाई होत्याच.

"ही चादर माझी आहे," वहिनी म्हणाली. "पाळी जायच्या आधी असा घाम येतो मला. आईंचा काही संबंध नाही."

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी वहिनीचा ओला हात धरला. "किती झाकता हो त्यांना," त्या म्हणाल्या. "अशी सून मिळायला नशीब लागतं."

"अहो, खरंच माझी आहे."

"कळलं मला. मी कोणाजवळ बोलणार नाही."

सगळ्या इमारतीला आदल्या संध्याकाळीच कळलेलं होतं. वहिनीने आणखी एकदा सांगून पाहिलं. बाईंनी तिच्या पाठीवरून हात फिरवला.

खाली सासूबाई पलंगावर बसून वाट बघत होत्या. "सांगितलंस?"

"सांगितलं. मी तुम्हाला झाकतेय, असं वाटलं त्यांना."

सासूबाईंना हसू आलं, पण ते टिकलं नाही. थोडा वेळ त्या आपल्या चादरीवरून हात फिरवत राहिल्या. मग गुडघ्यांवर हात टेकून उठल्या, चादर ओढून काढली आणि सुनेच्या हातात दिली. "ही पण घेऊन जा."

"आई, ही तर कोरडी आहे. कालच बदललीत तुम्ही."

"असू दे. आता रोज दोन वाळत घाल. एकटीची नको दिसायला."

वहिनीने बादलीत पाणी भरलं. घडीच्या रेघा असलेली ती स्वच्छ चादर पोटात हवा धरून पुन्हा पुन्हा वर येत होती. तिला दोन्ही हातांनी ती खाली दाबून धरावी लागली.