गोजाबाईचं भात आणि तीन वेबसाइट

सूर्यमाळच्या खालच्या अंगाला बारा घरांचा एक पाडा आहे. पूर्वी तिथली माणसं पावसाचा अंदाज घ्यायला आभाळाकडे बघत. आता रोहिदास गुरुजींकडे बघतात. तुमच्याआमच्याकडे तरी वेगळं काय आहे? प्रत्येक कचेरीत एक गृहस्थ असतोच, ज्याला चहाच्या वेळी सगळे विचारतात, "काय हो, उद्या पाऊस आहे का?" आणि तो खिशातून फोन काढून असं काही सांगतो, की जणू ढग त्याला विचारूनच घरातून निघाले आहेत.

रोहिदास गुरुजी मूळचे जव्हारचे. नऊ वर्षं ते या पाड्यावरच्या दोन खोल्यांच्या शाळेत शिकवत होते. शाळेला लागूनच एका खोलीत ते आणि त्यांची बायको पुष्पलता राहत. पुष्पलता तिथलीच अंगणवाडी चालवायची. गुरुजींनी यंदा जुलैत भाताच्या लावणीचा दिवस अचूक सांगितला होता, तेव्हापासून पाड्यावर त्यांचा शब्द म्हणजे पावसाचाच शब्द झाला. दिवाळीच्या सुट्टीतही ते जव्हारला जाऊन दोन दिवसांत परत आले. "कापणीच्या वेळी लोकांना गुरुजी लागतात," असं ते म्हणाले. पुष्पलता म्हणाली, "गुरुजी नाही हो, गुरुजींचा फोन लागतो."

इथली कापणी आळीपाळीने होते. आज सगळा पाडा एकाच्या शेतात, उद्या दुसऱ्याच्या. कापलेलं भात दोन-तीन दिवस खाचरातच आडवं वाळत ठेवायचं, मग भारे बांधून खळ्यावर न्यायचं. पाळीचा दिवस ज्याचा त्याचा ठरलेला. तो चुकला तर बाकी अकरा घरांचं होईपर्यंत थांबायचं, आणि तोवर उभं पीक पिकून दाणे झडायला लागतात. उलट, कापून आडवं पडलेल्या भातावर पाऊस आला, तर दाण्यांना तिथेच मोड येतात.

त्या बुधवारी पाळी होती गोजाबाई आणि भिका या जोडप्याची. साठीच्या आसपासची दोघं. त्यांची दोन खाचरं होती, एक वरचं आणि एक खालचं. दरवर्षी दिवाळी झाली की दोघं भिवंडीकडच्या वीटभट्टीवर जायची आणि पावसाच्या तोंडावर परत यायची. यंदा भात बरं आलं होतं. वर्षभर दोघांना पुरेल एवढं घरात आलं, तर गोजाबाई आयुष्यात पहिल्यांदा उन्हाळा आपल्या घरात काढणार होती. भिकाचे गुडघे आता चिखल तुडवण्याच्या कामाचे राहिले नव्हते. त्यामुळे ती दोन खाचरं म्हणजे तिचं सगळं काही होतं.

गुरुजींनी रविवारीच पाड्याच्या ग्रुपवर लिहिलं होतं : "पुढचे आठ दिवस पाऊस नाही. तीन वेगवेगळ्या वेबसाइटवर खात्री केली आहे. पक्कं."

मंगळवारी दुपारी गोजाबाई शाळेच्या व्हरांड्यात आली. पाड्यावर फोनला रेंज फक्त व्हरांड्याच्या एका कोपऱ्यात येते, आणि गुरुजी तिथेच खुर्ची टाकून बसले होते.

"गुरुजी, उद्या माझी पाळी. तुमी पक्का बोललाव, पन मना एकदा दाखवा," ती म्हणाली.

गुरुजींना असं कोणी विचारलं की मनातून फार बरं वाटायचं. त्यांनी तिला शेजारी बसवलं. एका वेबसाइटवर वाऱ्याच्या बारीक रेषा नकाशावरून वाहत होत्या. दुसरीवर मोखाडा हे तालुक्याचं नाव लिहून पुढे सात सूर्य हसत होते. तिसरीवर तासातासाचा हिशोब होता आणि प्रत्येक तासापुढे शून्य.

"हे बघ मावशी. तिघंही एकच सांगतात. कोरडं. एक चुकेल, दोन चुकतील, तिघं कसे चुकतील?"

गोजाबाईने तिन्ही चित्रं नीट पाहिली. तिला अक्षर येत नव्हतं, पण घाई नव्हती. मग तिने विचारलं, "या तिघांना कोनी सांगितला?"

"म्हणजे?"

"हे तिघं सोता बघून आले, का एकाचाच ऐकून तिघं बोलतान?"

गुरुजी हसले. "अगं, या वेगवेगळ्या कंपन्या आहेत. वेगवेगळ्या देशांतल्या."

"त्या येगळ्या असतील. पन सांगनारा येगळा हाय का?" गोजाबाईने पदर सावरला. "तुमाला ठाव हाय ना, रेशनच्या तांदळात पिलास्टिक हाय बोलत होते?"

गुरुजींना चांगलं आठवत होतं. रेशनच्या तांदळात पोषणासाठी मिसळलेले वेगळे दाणे यायला लागले, आणि ते पाण्यावर तरंगतात म्हणून प्लास्टिकचे आहेत अशी आवई उठली.

"मना हिरी बोलली, फागी बोलली, खोडाळ्याच्या बाजारात आनखी एक बाई बोलली. मी बोलले, तिघी बोलतान म्हंजे खराच असंल. अख्खा तांदूळ कोंबड्यांना टाकला. म्हैनाभर नागलीच्या पेजेवर काढला. मग पुष्पाबाई घरी आल्या, त्यांनी समजावला, आनि मी तिघींना इचारला, तुमाला कोनी सांगितला? तर तिघींनी एकाच जीपवाल्याच्या फोनात बघितला होता. बोलनाऱ्या तिघी, दाखवनारा एक, आनि त्यालापन ठाव नव्हता. कोंबड्या तेवढ्या गुबगुबीत झाल्या."

ती एवढं सांगून चुलीकडे बघायला निघून गेली. जाताना म्हणाली, "संध्याकाळी सांगा म्हंजे झाला."

गुरुजी जागचे हलले नाहीत. त्यांनी पहिली वेबसाइट पुन्हा उघडली. नकाशाच्या अगदी तळाशी, करड्या रंगात, मुंगीएवढ्या अक्षरांत कसलं तरी नाव होतं. आजवर त्यांनी ते कधी वाचलंच नव्हतं. ते त्या मॉडेलचं नाव होतं. मॉडेल म्हणजे परदेशातल्या एका संस्थेच्या भल्यामोठ्या संगणकाने मांडलेलं हवेचं गणित. दुसऱ्या वेबसाइटवर ते शोधायला पाच मिनिटं लागली. माहितीच्या पानावर होतं. तेच नाव! तिसरीवरही तेच.

तीन वेबसाइटनी एकच गणित घेऊन त्याला तीन रंग लावले होते, आणि गुरुजी रंग मोजत बसले होते.

त्यांची कानशिलं तापली. वर्गात रोज सांगायचे, "शेजाऱ्याच्या वहीतून उतरवलं की उत्तर तुझं होत नाही." आणि इथे एकाच वहीतून उतरवलेली तीन उत्तरं त्यांनी तीन हुशार मुलांची म्हणून पास केली होती.

मग त्यांनी जरा शोधाशोध करून अशी वेबसाइट काढली, जिच्यावर तीन-चार मॉडेलं एकाखाली एक दिसतात. पहिलं तेच, आठवडाभर कोरडं. पण दुसरं गुरुवारी दुपारनंतर विजांसह पाऊस दाखवत होतं, आणि तिसरं गुरुवारी संध्याकाळी थोडा. आपल्या हवामान खात्याचा जिल्ह्याचा अंदाजही त्यांनी काढला. "तुरळक ठिकाणी मेघगर्जनेसह पावसाची शक्यता." या "तुरळक ठिकाणी"ला गुरुजी नेहमी नाक मुरडत. आज पहिल्यांदा त्यांना वाटलं, की जेवढं माहीत आहे तेवढंच बोलणाऱ्या माणसाची ही भाषा आहे. शिवाय नकाशा मोठा करून पाहिला तेव्हा कळलं, की पहिल्या मॉडेलच्या एकाच चौकोनात खालचं खोडाळा आणि वरचा सूर्यमाळचा डोंगर दोन्ही कोंबलेले आहेत. आता खोडाळ्याचं आभाळ आणि सूर्यमाळचं आभाळ एक नसतं, हे तर त्यांच्या दुसरीतल्या पोरांनाही माहीत होतं.

पुष्पलता अंगणवाडीतून आली तेव्हा नवऱ्याचा चेहरा पाहूनच तिने विचारलं, "काय झालं?"

त्यांनी सगळं सांगितलं. शेवटी म्हणाले, "पण आता लोकांना काय सांगू? मी 'पक्कं' लिहिलंय. परत जाऊन माहीत नाही म्हटलं, तर उद्यापासून कोण विचारणार मला? आणि गुरुवारी पाऊस आलाच नाही, तर सगळे हसतील."

"हसू देत की."

"तुला सोपं वाटतं."

"सोपं नाही," पुष्पलता म्हणाली. "तांदळाच्या वेळी मी घरोघर गेले, तेव्हा मलाही लोक हसले होते. सरकारचा पगार खाते म्हणून असं बोलते, म्हणाले. पण लोक हसतील म्हणून आपण गप्प बसलो, तर गोजामावशी उद्या कापणार आणि परवा तिचं भात भिजणार. तुमचं नाव राहील, तिचं वर्ष जाईल. मग ती म्हातारी भिकाकाकांना घेऊन भट्टीवर जाताना तुम्ही कुठे तोंड लपवणार आहात?"

गुरुजींनी फोन खिशात टाकला. मग उठून चपला घातल्या. ग्रुपवर लिहून भागलं असतं, पण पाड्यावर फोन होते चार.

तिन्हीसांजेला लाडक्याच्या अंगणात माणसं जमली. लाडक्या शाळा समितीचा अध्यक्ष, आणि गुरुवारची पाळी त्याची. गुरुजींनी उभं राहून सांगितलं, "रविवारी मी पक्कं म्हणालो ते चुकलं. तीन वेबसाइट पाहिल्या, पण तिघींचं मूळ एकच निघालं. आज वेगवेगळं मूळ असलेली बघितली. दोन म्हणतात गुरुवारी दुपारनंतर पाऊस, एक म्हणतं नाही. कोण खरं, मला माहीत नाही. जे आहे ते हे."

भिकाने गुडघा चोळत विचारलं, "मंग आमी कापायचा का नाय?"

"ते मी सांगू शकत नाही, काका. शेत तुमचं आहे."

आता गंमत बघा. गुरुजी "पक्कं" म्हणत होते तोवर पाड्यावर कोणी डोकं चालवत नव्हतं. "माहीत नाही" म्हणाले, आणि सगळे एकदम विचार करू लागले.

"उभ्या भाताला एक पाऊस काय करत नाय," हिरी म्हणाली. "आडवा पडला तरच खोटा."

"मंग उद्या वरचा खाचर तेवढा कापू," लाडक्या म्हणाला. "कापला का लगेच बांधू. आडवा टाकायचाच नाय."

"हिरवा भारा ढिगात तापतो," भिका म्हणाला. "पसरायला कोरडी जागा पायजे, छप्पराखाली."

गुरुजी चटकन म्हणाले, "शाळेला सुट्टी आहे. दोन्ही वर्ग आणि व्हरांडा मोकळाच आहे. लाडक्या, समितीतर्फे तू हो म्हणत असशील तर आत्ता झाडून घेतो."

"हो बोललो. पन खालचा खाचर राहतो, त्याचा काय?"

पाळी अर्धी करायची हे या पाड्यावर कधी झालेलं नव्हतं. एकाची मोडली की पुढच्या सगळ्यांची सरकते, म्हणून जुनी माणसं त्या बाबतीत कडक होती. सगळे लाडक्याकडे बघू लागले, कारण सरकणार होती ती आधी त्याची. लाडक्याने जरा डोकं खाजवलं.

"गुरुवारी माझा कापून उघड्यावर टाकायला मी काय येडा नाय. गुरुवार सुट्टी, पुढले तीन दिस खाचर सुकू देऊ. सोमवारी अर्धा दिस गोजाकाकीचा खालचा, अर्धा दिस माझा. बाकी सगळे चार दिस सरका. कोनाचं काय म्हनना?"

कोणाचंच काही म्हणणं नव्हतं. गोजाबाईने लाडक्याच्या बायकोच्या हातातून चहाचा कप घेतला आणि खाली मान घालून प्याली. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते सगळ्यांनी पाहिलं आणि सगळ्यांनी दुसरीकडे पाहिलं.

बुधवारी वरचं खाचर कापून झालं. संध्याकाळपर्यंत पहिली-दुसरीच्या वर्गात, फळ्याखाली, बाकांवर, व्हरांड्यात सगळीकडे भाताच्या पेंढ्या पसरल्या होत्या. वर्गाला नव्या भाताचा असा वास लागला, की गुरुजी उगाचच दोन-तीनदा आत जाऊन आले.

गुरुवारी सकाळी लख्ख ऊन. दुपारी बारालाही ऊन. गुरुजी जेवले नाहीत धड. तीनच्या सुमाराला त्र्यंबकच्या बाजूने आभाळ काळवंडत आलं, वीज कडाडली, आणि अर्धा-पाऊण तास पाड्याला पावसाने असं झोडपलं की व्हरांड्यातल्या पेंढ्या आत ओढाव्या लागल्या. भिका दारात बसून खालच्या खाचराकडे बघत होता. भात वाकलं होतं, झोपलं नव्हतं. संध्याकाळी खोडाळ्याहून आलेल्या जीपवाल्याने सांगितलं, तिकडे थेंबही नाही. म्हणजे खोडाळ्यापुरतं ते पहिलं मॉडेलही खरंच होतं.

सोमवारी ठरल्याप्रमाणे खालचं खाचर कापलं. पुढे आठवडाभरात मळणी झाली आणि गोजाबाईच्या घरातल्या दोन्ही कणग्या भरल्या.

आता गुरुजी अंदाज शाळेच्या बाहेरच्या फळ्यावर लिहितात. कोणतं मॉडेल काय म्हणतं, हवामान खातं काय म्हणतं, आणि शेवटच्या ओळीत स्वतःला काय माहीत नाही ते. लोक ती शेवटची ओळ आधी विचारतात.

वाचकहो, एकच गोष्ट तिघांच्या तोंडून ऐकली की आपल्याला ती तिप्पट खरी वाटू लागते. पावसाचं असो, तांदळाचं असो, औषधाचं असो, की शेजारच्या घरातल्या सुनेचं. पुढे सांगण्याआधी, पुढे पाठवण्याआधी आपण एवढंच विचारू या, की या सगळ्यांना हे कोणी सांगितलं? आणि स्वतःला माहीत नसेल, तर तसं म्हणायला लाजू नये. त्याने मान कमी होत नाही, आणि कोणाचं तरी वर्ष वाचतं.

डिसेंबरात भट्टीचा मुकादम नेहमीप्रमाणे वही घेऊन पाड्यावर आला. गोजाबाई अंगणात भात पाखडत होती. त्याने उभ्याउभ्याच विचारलं, "काय मावशी, दोघांची नावं लिहू ना?"

"नको," गोजाबाई म्हणाली. "आमी घरातच हाव."