स्टोव्ह नव्हता तो

घड्याळजीला जळीत वॉर्डात आणलं तेव्हा त्याचं एकच पालुपद चाललं होतं, "स्टोव्ह भडकला."

डॉक्टरीणबाईंनी त्याचे हात पाहिले, मग डोळे. "स्टोव्हनं असं होत नाही. अंगावर काय उडालं ते सांगा. उपचार त्यावर ठरतात."

"स्टोव्हच," तो पुन्हा म्हणाला. खरं बोलावं तर बेड्या. मोबाइल आल्यापासून दुरुस्तीला घड्याळं येईनाशी झाली होती. मेहुण्याने दुकानामागच्या खोलीत नशेची पावडर बनवायला घेतली तेव्हा आधी त्याने काणाडोळा केला, पुढे स्वतःच हाताखाली उभा राहू लागला. आज भरदुपारी भडका उडाला आणि मेहुणा मागच्या दाराने पसार झाला.

बायको कामावरून तशीच धावत आली होती. तिला कुणी काही सांगितलं नव्हतं, पण त्याच्या कपड्यांचा उग्र वास महिनाभर तीच धूत होती.

"माझ्या भावाची भीड धरू नका," ती म्हणाली. "तो पळाला. तुम्ही इथे भाजून पडलाय. बोला."

"ॲसिड," तो कसाबसा म्हणाला. "आणखीही काही होतं, नाव माहीत नाही. अजून चार कॅन आहेत तिथे. वरच्या मजल्यावर बिऱ्हाड आहे."

सिस्टरने पाण्याची धार डोळ्यांवर धरली ती तासभर हलवली नाही. डॉक्टरीणबाईंनी अग्निशमन दलाला फोन केला. वरची माणसं वेळेत बाहेर निघाली.

डावा डोळा गेला. मांडीची कातडी हातांवर चढवली. वॉर्डाच्या दाराशी पोलीस बसला. भावाचा ठावठिकाणा बायकोनेच सांगितला. तेव्हापासून तिची आई तिच्याशी बोलत नाही.

आखडलेली बोटं रोज वाकवावी लागत. जीव कळवळायचा.

"झाले वीस," तो म्हणे.

"सतरा," सिस्टर म्हणे. "घड्याळजी असून मोजायला चुकता?"

तो हसून पुन्हा मूठ वळायचा.

पुढे तो जामिनावर घरी आला. सुनावणीच्या सकाळी त्याने शर्टाची बटणं स्वतः लावायला घेतली. पाऊण तास लागला. बायको समोर हाताची घडी घालून बसली होती; एकदाही मदतीला उठली नाही.

"वकील म्हणतात, नाकबूल करून पाहू," ती म्हणाली.

"नाही. होतं ते सांगणार. शिक्षा होईल, दोन-तीन वर्षं."

"होऊ दे. व्यायाम तिथेही करा."

शेवटचं बटण लागलं. दोघं बाहेर पडले.