निर्जन बेट

"आणि हे शेवटचं, सगळ्यात धाकटं बेट. पूर्णपणे निर्जन!" ती माइकवर म्हणाली, आणि लाँचमधले प्रवासी मोबाइल उंचावून उभे राहिले.

रोज तेच तेच बोलून तिच्या तोंडाची चव गेली होती. तीच बेटं, तेच निळं पाणी, तोच माडांखालचा स्वर्ग. डोंबलाचा स्वर्ग! याच निर्जन बेटावर ती जन्मली होती आणि तिचे बाबा अजून तिथंच राहत होते, एकटे. विहिरीचं पाणी खारट झालं, शेजारीपाजारी मोठ्या बेटावर गेले, पण म्हातारा हटायला तयार नाही. लाँचच्या मालकाला मात्र निर्जन बेटच हवं होतं, लोक त्यासाठीच तिकीट काढतात म्हणे. मग बाप-लेकीनं आपसात ठरवून टाकलं. लाँच येताना दिसली की बाबांनी चूल विझवायची आणि दडून बसायचं. लाँच पुढं गेली की चूल पेटवायची. फोनला तिथं रेंज नव्हती. मागं वळून धूर दिसला की हिचा जीव भांड्यात पडायचा.

आज धूर दिसेना.

"लाकडं ओली असतील गं," लाँच चालवणारे काका म्हणाले. त्यांना सगळं ठाऊक होतं.

बेट मागं पडत चाललं, तरी धूर नाही. मागच्या भेटीत बाबा सारखे खोकत होते.

"काका, लाँच वळवा."

"अगं, मालक हाकलून देईल तुला!"

"देऊ दे. मसणात गेली ती नोकरी!" तिनं माइक उचलला. "मंडळी, मी खोटं बोलले. त्या बेटावर माणूस आहे. माझे वडील आहेत." काकांनी सुकाणू फिरवलं.

लाँच किनाऱ्याला लागली. चूल दिसली, बाबा दिसेनात. मग उपड्या घातलेल्या होडीमागून दोन वाळकी पावलं बाहेर आलेली दिसली, निश्चल. तेवढ्यात त्यातलं एक पाऊल हळूच आत ओढलं गेलं.

चुलीत जेमतेम पेट घेतलेली ओली लाकडं होती आणि ती विझवायला नुकतंच ओतलेलं पाणी अजून वाफाळत होतं.

"बाबा!" ती गुडघाभर पाण्यात उडी टाकून रडत ओरडली. "अहो, बाहेर या ना!"

होडीमागून दबक्या आवाजात बाबा खेकसले, "गप गं! लोक बघतायत. नोकरी जाईल तुझी."