गोळी न झाडलेला माणूस

"बाबा, दाबा ना. तो बघा, अर्धं डोकं दिसतंय त्याचं."

कृष्णकांत धुमाळांनी दाबलं नाही. कंट्रोलर दोन्ही हातांत होता, उजव्या हाताची तर्जनी घोड्यावर होती. समोर टीव्हीवर एक पिठाची गिरणी होती. एका अधिकाऱ्याने दुभाषी मुलीच्या गळ्यात हात घालून तिला स्वतःच्या पुढे धरलं होतं आणि तिच्या कानशिलाला पिस्तूल लावलं होतं. खाली पांढऱ्या अक्षरांत सूचना येत होती, गोळी झाडा.

"वेळ संपेल का?" त्यांनी विचारलं.

"नाही. इथे वेळ थांबलेला असतो. तुम्ही झाडेपर्यंत तो काहीच करत नाही."

"आणि नाही झाडली तर?"

"तर गेम पुढे जात नाही. दुसरा रस्ताच नाहीये. चुकून मुलीला लागली तर हाच सीन परत."

"म्हणजे मरत नाही ती."

"नाही हो. दाबा."

कादंबरी कॅमेऱ्यामागे उभी होती. ऐरोलीच्या कंपनीतली नोकरी गेल्यापासून ती यूट्यूबवर मराठीतून गेम दाखवायची. चॅनेल रखडत चाललं होतं. जन्मात कधी गेम न खेळलेल्या माणसाला गोष्टीवाला, बंदुकीचा गेम खेळायला लावायचा आणि त्याला काय वाटतं ते त्याच्याच तोंडून ऐकवायचं, ही तिची नवी कल्पना. घरात असा माणूस एकच होता. सतरा वर्षं फौजेत, सप्लायमध्ये, मग पळस्प्याच्या एका सहकारी बँकेत बंदूकधारी रखवालदार. आता निवृत्त होऊन नवीन पनवेलच्या दोन खोल्यांत पेपर वाचत बसलेला.

पहिल्या दिवशी त्यांना चक्कर आली. खाली पाहिलं तर पाय दिसेनात. बंदूक धरलेले दोन हात आणि पुढे सगळं जग.

"ह्याला चेहरा नाही का गं?"

"चेहरा कशाला? ते तुम्हीच आहात ना."

दुसऱ्या दिवसापासून हात बसला. चार दुपारी ते खेळले आणि मनात येईल ते बोलत राहिले. "फौजेत निम्मं आयुष्य वाट बघण्यात जातं. इथे कुणी वाटच बघत नाही." "एवढी माणसं पाडली मी, पण एकालाही कुणी ओढून बाजूला केलं नाही. वळून बघतो तर गायब!" एका घरात टेबलावर अर्धी खाल्लेली भाकरीसारखी रोटी होती, तिथेच ते कितीतरी वेळ उभे राहिले. खिडकीत, चुलीपाशी, जिन्यावर काडतुसं पडलेली असायची, जवळून गेलं की आपोआप खिशात. ते बघून ते ठसका लागेपर्यंत हसले. "कुणाची सही नाही, रजिस्टर नाही, काही नाही! चैन आहे."

दुभाषी मुलगी त्यांना आवडली. ती सैनिकाला वाटेत तिच्या भाषेतले शब्द शिकवायची, जेवलास का विचारायची. "एवढ्या मारामारीत हीच एक माणसासारखी वागते," ते म्हणाले होते.

आणि आता ती गिरणीत उभी होती.

चाळीस मिनिटं झाली. शोभाताईंनी मध्ये चहा आणून ठेवला, तो तसाच राहिला. बंदुकीत चोवीस गोळ्या आहेत असं कोपऱ्यात लिहिलेलं होतं. ते पुन्हा पुन्हा त्या आकड्याकडे बघत होते. शेवटी त्यांनी कंट्रोलर टीपॉयवर ठेवला.

"पोरगी मध्ये आहे," ते म्हणाले. "माझ्याच्याने नाही होणार."

कादंबरीने चाळीस मिनिटांची सात मिनिटं केली. व्हिडिओच्या सुरुवातीला तिने चार ओळी लिहिल्या. नऊ वर्षांपूर्वी बँकेवर दरोडा पडला तेव्हा माझ्या वडिलांच्या हातात बंदूक होती. दरोडेखोराने एका महिला कर्मचाऱ्याला पुढे धरलं होतं. तिच्या जिवासाठी त्यांनी गोळी झाडली नाही. आज खोट्या जगातही त्यांना ती झाडता आली नाही.

आठवडाभरात तो व्हिडिओ चार लाख लोकांनी पाहिला. काका, सलाम. ह्याला म्हणतात खरा सैनिक. माझे बाबा आठवले. कादंबरी एकेक वाचून दाखवायची. सकाळी वडाळे तलावावर फिरायला गेलं की अनोळखी माणसं हात जोडायची. एकाने बायकोला जवळ बोलावून सांगितलं, "हेच ते."

कृष्णकांत तिसऱ्या दिवसापासून फिरायला जायचे बंद झाले.

कारण दरोड्याच्या दिवशी त्यांची बंदूक रिकामी होती.

बँकेत एकदा तपासणीत एक काडतूस कमी भरलं आणि वरून कागद आला. तेव्हापासून शाखाधिकारी विश्वजीतसाहेबांनी सगळी काडतुसं स्वतःच्या कपाटात कुलूपबंद केली. "ती झंझट नको धुमाळ. बंदूक दिसली म्हणजे पुरे." कमरेचा पट्टा भरलेला दिसावा म्हणून त्यात वापरलेली टरफलं खोचलेली. तीन वर्षं कृष्णकांत दारात तशी बंदूक घेऊन बसले. हे गैर आहे असं एकदा बोलले, दुसऱ्यांदा बोलले नाहीत.

दरोड्यानंतर साहेबांनीच जबाब तयार केला. महिला कर्मचाऱ्याच्या जिवाला धोका असल्याने गोळी झाडली नाही. निवृत्तीला दोन वर्षं राहिली होती, कादंबरीचं इंजिनिअरिंग चालू होतं. कृष्णकांतांनी सही केली. पुढे बँकेने वर्धापनदिनी संयमाबद्दल शाल आणि नारळ दिला. आणि या नऊ वर्षांत ते स्वतःला एकच गोष्ट सांगत आले होते की काडतुसं असती तर मी त्याला पाडला असता. साहेबांनी माझे हात बांधले होते, नाहीतर पाडलाच असता. ह्या एका वाक्यावर त्यांना रात्री झोप लागायची.

गिरणीत कुणी हात बांधले नव्हते. चोवीस गोळ्या होत्या, वेळ थांबलेला होता, चूक झाली तर मुलगी मरणार नव्हती. तरी बोट हललं नाही.

रविवारी अकराच्या सुमारास बेल वाजली. दारात पस्तिशीची एक बाई उभी होती. डाव्या हातात कापडी पिशवी, उजवा हात कोपरात वाकून पोटाशी धरलेला.

"वळखलात का काका? मी रंजिता. काउंटरवरची."

कृष्णकांत दारातच थांबले. शोभाताईंनी तिला आत घेतलं, पाणी दिलं. कादंबरीने तिला चटकन ओळखलं आणि तिचे डोळे चमकले. "अय्या, म्हणजे तुम्हीच त्या! ताई, तुम्ही व्हिडिओ पाहिलात?"

"पायला ना. भावानी दाखवला. मंग आय बोलली, अगो, जाऊन ये त्यांच्याकडं." तिने पिशवी टीपॉयवर ठेवली. "सोडे हायेत. घरच्या कोलंबीचे. आमी गावाला, करंजाला सुकवतो, पनवेलच्या बाजारात आय बसते, मी पन बसते."

"बँकेत परत आली नाहीस," कृष्णकांत म्हणाले.

"त्यानी पलताना कोयता मारला, ह्या हातानी काय लिवनार? बँकेनी वर्षभर रजेवर ठेवला, मंग नको बोलले." ती हसली. "लगीन ठरलेला, ता पन मोडला. असूद्या. जीव हाय ना. काका, मी तुमाला कवा भेटायला नाय आले. इस्पितळातून सुटले तवाच यायला पायजे होता. पन गावात लोक बोलायचे, रखवालदार घाबरला, बंदूक घेऊन गप उभा रायला. मी भांडायची त्यांच्याशी. बोलायची, त्यानी मारली असती तर मला लागली असती, म्हनून नाय मारली. कार्तिकात एकवीरेला जाते ना, दर वर्साला तुमच्या नावाचा एक नारल फोडते."

शोभाताईंनी पदर डोळ्यांना लावला. कादंबरीचा हात नकळत मोबाइलकडे गेला होता.

"ठेव तो," कृष्णकांत म्हणाले.

"बाबा, फक्त एक..."

"ठेव म्हटलं ना!"

कृष्णकांत खुर्चीवरून उठले, मग उठून काय करायचं ते न कळून परत बसले.

"रंजिता, माझ्या बंदुकीत काडतूस नव्हतं."

"म्हंजे?"

"साहेबांच्या कपाटात असायची. बंदूक रिकामी होती. मी मारणार होतो की नव्हतो, हा प्रश्नच नव्हता. जबाब साहेबांनी लिहिला, मी सही केली."

पहिल्यांदा तिला कळलंच नाही बहुतेक. मग तिने सावकाश विचारलं, "पन पोलिसांनी बंदूक तपासली. भरलेली होती. मला इस्पितळात सांगितला त्यांनी."

इथे ते थांबू शकले असते. पोलिसांचं काय ते मला ठाऊक नाही म्हणाले असते, तरी चाललं असतं.

"ते लोक पळाल्यावर," कृष्णकांत म्हणाले, "साहेबांनी आधी कपाट उघडलं. दोन काडतुसं माझ्या हातात दिली. भर म्हणाले. मी भरली."

"कवा?"

"तू खाली पडली होतीस तेव्हा."

शोभाताई "अहो" एवढंच म्हणाल्या.

"मी हाक मारलेली," रंजिता म्हणाली. तिचा आवाज अगदी साधा होता, दुकानात भाव विचारावा तसा. "काका, काका, म्हनून. दोनदा. मला वाटला तुमी बाहेर रिक्षा बघायला गेलाव. ऐकू आलेली?"

"आली."

"आनि तुमी बंदूक भरीत होते."

"हो."

बाहेर कुणीतरी स्कूटर चालू करायचा प्रयत्न करत होतं. रंजिताने आपल्या वाकलेल्या हाताकडे पाहिलं.

"तुमी मला कशाला सांगितला?" ती म्हणाली. "मला बरा वाटत होता. कोनीतरी एका मानसानी माज्यासाठी कायतरी केला, असा वाटत होता. तेवढाच होता माज्याकडं."



ती उठली. चपला घालून दारापर्यंत गेली, मग वळून परत आली आणि टीपॉयवरची पिशवी उचलली. "आयनी निवडून दिलेले," ती म्हणाली. जिन्यात तिच्या पावलांचा आवाज एका लयीत, न थांबता खाली गेला.

दुपारी जेवणं झाली नाहीत. कृष्णकांत कादंबरीला म्हणाले, "तो कॅमेरा लाव. हे मला सांगायचंय."

"वेड लागलंय का बाबा? मी व्हिडिओ काढून टाकते. आत्ता काढते. पण हे नको. लोक मला फाडून खातील. मीच लिहिलंय ना ते सगळं, तुमच्याबद्दल?"

"तुला माहीत नव्हतं."

"ते कोण ऐकणार आहे? आणि आत्ताच का? नऊ वर्षं गप्प बसलात ना?"

"गप्प नव्हतो बसलो. सही केली होती."

ती रागाने आतल्या खोलीत गेली आणि दार लावून घेतलं. दोन दिवस बापलेकीत बोलणं नव्हतं. व्हिडिओ तिने काढून टाकलाही नाही. शोभाताई स्वयंपाक करत होत्या, वाढत होत्या. एकदाच त्या म्हणाल्या, "ती शाल मी दर हिवाळ्यात पांघरते हो," आणि ताटं उचलून नेली.

मंगळवारी दुपारी कृष्णकांत कोपऱ्यातल्या दुकानातून दूध घेऊन आले. दुकानदाराने पैसे घेतले नव्हते. "तुमच्याकडून कसले घ्यायचे काका," म्हणाला होता. त्यांनी दूध ओट्यावर ठेवलं, शोभाताईंना तेच सांगितलं आणि पिशवीची घडी करत तिथेच उभे राहिले. बाहेरच्या खोलीतून कादंबरीने ते ऐकलं. तिने स्टँड आणला, कॅमेरा बसवला, खिडकीचा पडदा सरकवला आणि खुर्ची भिंतीशी ठेवली.

कृष्णकांतांनी शर्ट बदलला आणि येऊन बसले.

"माझं नाव कृष्णकांत धुमाळ," त्यांनी सुरुवात केली. बँकेचा हुद्दा सांगितला, दरोड्याची तारीख सांगितली. कपाटाचं सांगितलं, टरफलांचं सांगितलं, सहीचं सांगितलं. रंजिताने दोनदा हाक मारली आणि ती आपल्याला ऐकू आली हे सांगितलं. शेवटी म्हणाले, "ह्या गेममध्ये माझ्याकडे गोळ्या होत्या. तरी मी झाडली नाही. म्हणजे तेव्हा बंदूक भरलेली असती तरी मी काय केलं असतं, ते मला माहीत नाही. मी दयाळू आहे असं कुणी समजू नये." सगळं मिळून सहा मिनिटं लागली. हात गुडघ्यांवर ठेवून ते कॅमेऱ्याकडे बघत बसले.

कादंबरीने कानाला हेडफोन लावून ते पुन्हा ऐकलं. ऐकताना तिची मान खाली होती. मग तिने हेडफोन काढला.

"बाबा," ती म्हणाली, "तुम्ही फार हळू बोललात. मधलं काहीच नीट ऐकू येत नाहीये. हाकेचं वगैरे."

"मग?"

"परत सांगावं लागेल."

कृष्णकांत घोटभर पाणी प्यायले. खुर्ची थोडी पुढे ओढली आणि पहिल्यापासून, मोठ्याने, पुन्हा सांगायला लागले.