पत्ती हवी की पती?

दुपारचे बारा वाजून चाळीस मिनिटं झाली होती, तेव्हा मी जन्मले. मी एक वेबसिरीज बोलतेय. तुमच्या मोबाइलमध्ये दोन-चार मिनिटं येते, हसवते आणि जाते, ती. माझं नाव ‘पत्ती हवी की पती?’ सुरतेच्या डिंडोलीत तरी मला ओळखत नाही असं घर सापडायचं नाही.

माझा जन्म स्वयंपाकघरात झाला. नूतन भाकरी थापत होती. तिची लहानगी स्नेहा झोळीत किरकिरत होती. नवरा कुंदन कंपनीतून रात्रपाळी करून आला होता आणि डोळे मिटत मिटत जेवत होता.

"अहो, आज आईंनी दुकानात काय केलं ठाऊक आहे का?" नूतन म्हणाली.

आई म्हणजे तिची सासू, उषाबाई. धुळ्याकडच्या. लग्न होऊन सुरतेला आल्या त्याला जमाना झाला, पण नवऱ्याचं नाव त्यांनी कधी तोंडातून काढलं नाही. नवऱ्याचं नाव सुकदेव. आणि गंमत अशी, की घरात चालायची ती चहाची पत्तीही ‘सुकदेव चहा’. मग दुकानात मागायची कशी? उषाबाई म्हणाल्या, "कुंदनना बापना नावनी पत्ती द्या, भाऊ." दुकानदार गुजराती. त्याला अर्धंच समजलं. तो म्हणाला, "माजी, पत्ती जोईए के पती?"

कुंदनला ठसका लागला. "थांब, परत सांग. अगदी आईसारखं सांग." त्याने मोबाइल उचलला. नूतनने पिठाच्या हाताने डोक्यावर पदर ओढला आणि सासूचा आवाज काढला. झाला माझा जन्म.

आवाज ऐकून उषाबाई बाहेर आल्या. "मी काय अशी बोलस का व?" म्हणाल्या आणि हसल्या. त्या हसल्या म्हणून मलाही वाटलं, बरं आहे, कोणाचं काही वाईट नाही झालं.

आठवडाभरात मी या मोबाइलमधून त्या मोबाइलमध्ये उड्या मारत शेजारच्या नवागामपर्यंत पोचले. मग चहावाले महेशभाई स्वतः घरी आले. ‘सुकदेव चहा’ त्यांचाच, त्यांच्या आजोबांच्या नावाचा. बरोबर पाकिटांचं खोकं आणलं होतं.

"बेन, इसका पूरा सिरीज बनाओ," ते म्हणाले. "पाकीट सामने दिखना चाहिए. और डोशी को, मतलब सासू को, नाम नहीं लेने देना. नाम लिया तो मजा गया."

तोच माझा नियम झाला. प्रत्येक भागात सगळे ते नाव घेणार, फक्त सासू घेणार नाही. ती इशारे करणार, अडखळणार, घाम पुसणार, रडकुंडीला येणार आणि शेवटी कोणीतरी विचारणार, पत्ती हवी की पती? उषाबाईंनी पेटीतली हिरवी साडी आपल्या हाताने काढून सुनेला दिली. त्यांना वाटलं, मंडळाच्या कार्यक्रमासारखं एक-दोनदाचं नाटक असेल. नूतननेही नीट समजावून सांगितलं नाही. चार पैसे येत होते, स्नेहाचा कफ जात नव्हता, दवाखाना चालू होता. नूतन रोज पोरीच्या छातीला कान लावून बसायची, तिला दुसरं काही सुचत नव्हतं.

मी मोठी होत गेले आणि उषाबाई घरातल्या घरात बारीक होत गेल्या.

दुकानात गेलं की पोरं टोळीने विचारायची, "आजी, पत्ती की पती?" भाजीवाल्याकडे तेच. भजनाला बसल्या तर शेजारची बाई कोपराने ढोसायची, "नाव घे ना एकदा, चहा फुकट मिळेल." उषाबाईंनी आधी भजन सोडलं, मग दुकान. आणि मग संध्याकाळचं फिरणंही सोडलं.

हे फिरणं म्हणजे साधी गोष्ट नव्हती. सुकदेवबाबांनी कापडमिलमध्ये लूमच्या खात्यात उभं आयुष्य घालवलं होतं. आता ते विसरायला लागले होते. जेवून उठले की विचारायचे, जेवण कधी? स्वतःच्या दारात उभे राहून विचारायचे, आपलं घर कोणतं? संध्याकाळ झाली की त्यांचे पाय बाहेर ओढ घ्यायचे. म्हणून उषाबाई त्यांचा हात धरून मंदिराच्या ओट्यापर्यंत न्यायच्या, बसवायच्या, परत आणायच्या. तेवढ्याने ते शांत झोपायचे.

"आज पाय दुखतात," उषाबाई सुनेला म्हणाल्या. दुसऱ्या दिवशीही म्हणाल्या. पाय दुखत नाहीत हे नूतनला कळलं. तिने मनात म्हटलं, एवढा एक भाग होऊ दे, मग गल्लीतल्या सगळ्यांना सांगते, माझ्या सासूला चिडवू नका. तो भाग झाला. मग पुढचा आला.

मागच्या शनिवारी संध्याकाळी नूतन आणि कुंदन मला घेऊन गच्चीवर होते. महेशभाईंना दिवाळीचा भाग हवा होता. नूतनने हिरवी साडी नेसली होती. स्नेहाला उषाबाईंच्या मांडीवर दिलं होतं. पोर कुरकुर करत होती, तिला थोपटता थोपटता उषाबाईंचाही डोळा लागला. दार नुसतं लोटलेलं होतं.

जाग आली तेव्हा दार उघडं होतं आणि खाट रिकामी.

उषाबाई पोरीला कडेवर घेऊन तशाच नाक्यावर धावल्या. "आमना मानोस दखायना का? आमना मानोस दखायना का कोले?" आमचं माणूस कोणाला दिसलं का, असं भेटेल त्याला विचारू लागल्या.

रिक्षावाल्यांनी एकमेकांकडे पाहिलं. एकजण म्हणाला, "माजी, पत्ती की पती?" सगळे हसले. दोघा-तिघांनी मोबाइल काढला. उषाबाई हात जोडून म्हणत होत्या, "हासू नका रे भाऊ." आणि पोरं म्हणत होती, काय मस्त करते म्हातारी.

तेवढ्यात गलका ऐकून गच्चीवरून नूतन धावत आली. हिरवी साडी, डोक्यावर पदर, ओठांना लाली. तिला पाहिल्यावर तर सगळ्यांची खात्रीच पटली. एक बाई केस सारखे करून पुढे येऊन उभी राहिली. "कॅमेरा कुठे आहे?" तिने विचारलं.

"शूटिंग नाही हो, खरंच हरवलेत," नूतन म्हणाली. पण मी तिला इतकं छान रडायला शिकवलं होतं, की तिच्या रडण्यावर कोणाचा विश्वास बसेना.

गर्दी पांगली तेव्हा कोपऱ्यावरचा भाजीवाला योगराज जवळ आला. त्याने उषाबाईंचा चेहरा पाहिला आणि त्याचा चेहरा उतरला. "वहिनी, बाबा शेअरिंग रिक्षात बसले, मी पाहिलं. तिकडे, हजिराच्या बाजूला जाणारी होती."

"मग सांगितलं का नाही? आई तुमच्यासमोरच विचारत होत्या ना?"

"मला वाटलं, तुमचा पार्ट चालू आहे. मी पण हसलो, वहिनी."

त्याचा काय दोष? त्याला हसायला मीच शिकवलं होतं.

पोलीस चौकीत कुंदन दाराशी फोनवर बाबांच्या जुन्या मिलवाल्यांना विचारत होता. टेबलामागच्या हवालदाराने विचारलं, "नाव?" नूतनने मान खाली घातली. सासऱ्याचं नाव तीही घेत नाही. कुंदनला हाक मारायला ती वळली, तोवर उषाबाई बोलल्या. "सुकदेव मोतीराम पाटील." अडखळल्या नाहीत, घाम पुसला नाही. मग हवालदाराला नीट लिहिता यावं म्हणून परत एकदा म्हणाल्या. नूतनने वर पाहिलं नाही. मीही तिच्या पिशवीतल्या मोबाइलमध्ये अंग चोरून पडून राहिले.

घरी आल्यावर उषाबाईच म्हणाल्या, "तुमना त्या मोबाईलमा मले बोलू द्या." कुंदनने मोबाइल धरला. त्यांनी नाव घेतलं, फोटो दाखवला, एवढंच म्हणाल्या, दिसले तर कळवा. तो माझा शेवटचा भाग.

लोकांनी तोही पाहिला. खाली लिहिलं, ‘अखेर सासूने नाव घेतलं.’ ‘जबरदस्त शेवट.’ हसणारे पिवळे चेहरे नुसते धो धो पडत होते. महेशभाईंचा फोन आला, "बेन, आयडिया सरस छे, पण पाकीट किधर है?"  नुसतं नूतनचं रडणं त्यांना ऐकू गेलं. हा पार्ट नाही, हे त्यांच्या ध्यानात आलं. मग म्हणाले, "बेन, मैं टेम्पो लेके आता हूं." तेव्हापासून कुंदन आणि ते त्या टेम्पोतून हजिरा रोडवर, इच्छापोरच्या कारखान्यांच्या फाटकांवर विचारत फिरत आहेत.

नूतन मला पुसून टाकणार होती. कुंदनने तिचा हात धरला. "ठेव. बाबांचा फोटो बघायला लोक दुसरीकडे कुठे येणार आहेत?" म्हणून मी अजून आहे. माझ्या प्रत्येक भागाच्या आधी आता तो फोटो येतो. पुष्कळ लोक बोटाने तो पुढे सरकवतात. त्यांना गंमत पाहायची असते.

तुम्ही तो सरकवू नका. अंगात पांढरी बंडी आणि निळ्या पट्ट्यांचा लेंगा, डाव्या भुवईवर जुना व्रण. लूमच्या आवाजाने त्यांचे कान गेले आहेत, मागून हाक मारली तर ऐकू जाणार नाही. समोर जाऊन उभे राहा, सावकाश बोला, ते ओठांवरून ओळखतात. घाबरले तर पाणी द्या आणि जवळच्या चौकीत कळवा. आणि हे पुढच्या माणसाला सांगा. ऐकून जो हसेल, त्याला तर थांबवून परत सांगा.